गंगेवरच्या १९७७च्या जेट बोट मोहिमेच्या वस्तू जमवताना: आधी तक्ता, मग भिंग, शेवटी पैसे

एडमंड हिलरींच्या गंगा मोहिमेची म्हणून एखादी वस्तू समोर आली, की हात आधी खिशाकडे जातो आणि भिंग नंतर निघतं. सगळा गोंधळ या उलट्या क्रमातून होतो. कागद खोटा निघतो, किंवा वस्तू खरी असूनही ती कुठून आली हे सांगता येत नाही, किंवा खरी वस्तू पहिल्याच पावसाळ्यात बुरशी लागून जाते. खाली टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या. पाचव्या टप्प्याआधी एक रुपयाही द्यायचा नाही.

## टप्पा १: मोहिमेचा तक्ता करा

एका मोठ्या कागदावर चार रकाने आखा: तारीख, ठिकाण, कोण हजर होतं, बोटी सोबत होत्या का. त्यात आधी पक्क्या गोष्टी भरा.

मोहिमेचं नाव ‘ओशन टू स्काय’. काळ ऑगस्ट ते ऑक्टोबर १९७७. ऑगस्टच्या अखेरीस बंगालमध्ये गंगेच्या मुखाकडून सुरुवात, मग पाटणा, वाराणसी, अलाहाबाद, हरिद्वार असं प्रवाहाविरुद्ध वर, आणि देवप्रयागनंतर अलकनंदेतून पुढे. एकूण पल्ला सुमारे २,४०० किलोमीटर. न्यूझीलंडच्या हॅमिल्टन बनावटीच्या तीन जेट बोटी (पाणी आत ओढून मागे जोरात फेकत पुढे जाणाऱ्या): ‘गंगा’, ‘एअर इंडिया’ आणि ‘किवी’. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने बोटींची वाट अडवली. तिथून पुढचा प्रवास जमिनीवरून, बद्रीनाथच्या बाजूला आकाश पर्वताकडे. या चढाईत उंचीमुळे हिलरी गंभीर आजारी पडले आणि त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणावं लागलं. शिखरावर इतर सदस्य गेले.

माणसांची यादी वेगळ्या कागदावर करा. पीटर हिलरी, ग्रॅमी डिंगल, जिम विल्सन, माइक गिल, जॉन हॅमिल्टन, मिंगमा त्सेरिंग आणि भारताकडून कॅप्टन मोहनसिंग कोहली या नावांपासून सुरुवात करा. १९६५च्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेचे नेते ते हेच कोहली.

मधल्या तारखा जुन्या वर्तमानपत्रांतून भरा. ‘महाराष्ट्र टाइम्स’, ‘लोकसत्ता’, ‘सकाळ’ यांचे सप्टेंबर-ऑक्टोबर १९७७चे अंक मोठ्या ग्रंथालयांत मागून बघता येतात. हिलरींनी मोहिमेवर लिहिलेलं पुस्तक १९७९चं, तेही हाताशी ठेवा. बातमी आणि पुस्तक यांत एका दिवसाचा फरक पडला तर दोन्ही तारखा लिहा. बातमीच्या वरची तारीख बहुतेक वेळा घटनेच्या दुसऱ्या दिवसाची असते.

तपासणी: तक्ता बघून तीन प्रश्नांची उत्तरं लगेच देता आली पाहिजेत. ऑगस्टमध्ये मंडळी गढवालात होती का? नाही. बोटी बद्रीनाथला पोचल्या का? नाही. शिखरावरच्या फोटोत एडमंड हिलरी असू शकतात का? नाही. बाजारातल्या बऱ्याच थापा एवढ्यातच उघड्या पडतात.

## टप्पा २: काय घ्यायचं, काय सोडायचं

नवख्याने कागद आणि छायाचित्रं यांपासूनच सुरुवात करावी: पत्रं, टपालपाकिटं, वर्तमानपत्रांचे अंक, स्वागतसमारंभांच्या पत्रिका, प्रसिद्धिपत्रकं, फोटो, स्लाइडा. यांची तपासणी घरी करता येते आणि जागाही कमी लागते.

टोप्या, बनियनं, बिल्ले, झेंडे हा दुसरा गट. सोबत त्या काळचा फोटो असेल तरच घ्या, आणि फोटोत तीच वस्तू ओळखू आली पाहिजे, तसलीच चालणार नाही.

बोटीचे सुटे भाग सरळ सोडून द्या. हॅमिल्टनची जेट यंत्रं जगभर विकली गेली आहेत. गंजलेला पंखा दाखवून कोणी ‘हा किवीचा’ म्हणालं, तर अनुक्रमांकाची पट्टी आणि तो अनुक्रमांक मोहिमेशी जोडणारा कागद या दोन्ही गोष्टी मागा. त्या क्वचितच मिळतात.

सह्यांबद्दल थोडं सविस्तर. हिलरी १९८५ ते १९८९ न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत होते, आणि सही मागणाऱ्याला ते सहसा निराश करत नसत. त्यामुळे भारतात त्यांच्या सह्या पुष्कळ आहेत. १९७७च्या फोटोवरची सही १९८७ची असू शकते. तेवढ्याने ती खोटी ठरत नाही, पण तिला मोहिमेवरची सही म्हणता येत नाही आणि तशी किंमतही देता येत नाही. एकट्या हिलरींच्या सहीपेक्षा चार-पाच सदस्यांच्या सह्या एकत्र असलेला साधा कागद मला केव्हाही जास्त मोलाचा वाटतो. एवढी मंडळी एका कागदाभोवती पुन्हा कधी जमणार होती?

सावध: हिलरींनी १९६८मध्ये नेपाळच्या सुनकोशी नदीवरही जेट बोटी नेल्या होत्या. त्या वेळचे फोटो गंगेचे म्हणून सर्रास फिरतात. बोटीच्या अंगावरचं नाव वाचा. नाव दिसत नसेल तर फोटोच्या मागे काय लिहिलंय ते बघा. तिथेही काही नसेल तर फोटोला ‘गंगा’ हे लेबल लावू नका.

## टप्पा ३: कुठे शोधायचं

मुंबईकरांना इथे एक सोय आहे. एका बोटीला जिचं नाव होतं त्या एअर इंडियाचं मुख्यालय तेव्हा नरिमन पॉइंटला होतं. त्या काळी तिथे नोकरी केलेल्यांच्या घरात प्रसिद्धिपत्रकं, फोटोच्या प्रती, बिल्ले सापडू शकतात. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ओळखीतून जा. चोरबाजारात हीच वस्तू मिळाली तरी तिची कहाणी मिळत नाही. पुण्याचा जुना बाजार आणि रद्दीची दुकानं मासिकांच्या अंकांसाठी बरी. रद्दीवाल्याला ‘हिलरी’ सांगून उपयोग नाही, ‘सत्याहत्तरचे सप्टेंबर-ऑक्टोबरचे गठ्ठे’ असं सांगा.

गढवालात श्रीनगर, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, जोशीमठ इथल्या जुन्या फोटो स्टुडिओंपासून सुरुवात करा. यात्रेच्या ऐन गर्दीत जाऊ नका, दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. आणि जून २०१३च्या पुरात अलकनंदेकाठची कित्येक घरं गेली आहेत. त्या गावांत गेल्यावर आधी माणसांची विचारपूस करा, फोटोंचं नंतर.

न्यूझीलंडमधल्या लिलावांत ऑनलाइन बोली लावता येते. पण टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून वरची मर्यादा आधीच ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा.

## टप्पा ४: मालकाशी बोलणं

पहिल्या भेटीत खरेदीचा विषय काढायचा नाही. ‘काकू, आज घ्यायला काही आलो नाही. काका त्या मोहिमेबद्दल काय सांगायचे, ते तुम्हाला आठवेल तेवढं सांगा,’ अशी सुरुवात केली की माणूस मोकळा होतो.

सुचवणारे प्रश्न विचारू नका. ‘ही टोपी हिलरींनी दिली ना?’ असं विचारलंत की समोरचा ‘हो’ म्हणणारच. पाहुण्याला नाराज कोण करणार? त्याऐवजी ‘ही टोपी घरात कशी आली?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा.

बाहेर पडल्यावर लगेच नोंद करा: कोणी सांगितलं, त्यांचं मोहिमेशी नातं काय, स्वतः पाहिलेलं किती आणि ऐकीव किती. हे शेवटचं दोन रंगांच्या शाईत लिहिलं तर उत्तम. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी परवानगी घ्या, आणि ती परवानगीही मुद्रणात येऊ द्या.

## टप्पा ५: खरं-खोटं

इथे घाई नको. दिवसाचा उजेड, दहापटीचं भिंग, मोजपट्टी आणि पहिल्या टप्प्यातला तक्ता एवढं सामान पुरे.

### नावं आणि खुणा

नकली कागद करणारा शाई जुनी दाखवतो, पण गावांची नावं विसरतो. १९७७मध्ये गढवाल उत्तर प्रदेशात होता. उत्तरांचल हे राज्य ९ नोव्हेंबर २००० रोजी झालं आणि त्याचं उत्तराखंड हे नाव २००७चं. राज्य म्हणून ‘उत्तराखंड’ छापलेलं स्वागतपत्रक १९७७चं असूच शकत नाही. हीच कसोटी पुढे लावा: इंग्रजी छपाईत मुंबई ‘बॉम्बे’ असली पाहिजे (बदल १९९५), कोलकाता ‘कलकत्ता’ (बदल २००१), प्रयागराज ‘अलाहाबाद’ (बदल २०१८). पिनकोड दिसला म्हणून मात्र बिचकू नका. तो १९७२पासून आहे.

पावतीवर ₹ हे चिन्ह असेल तर तिथेच थांबा, ते २०१०मध्ये आलं. ईमेल, संकेतस्थळ, बारकोड यांपैकी काही दिसलं तरी तेच. एअर इंडियाच्या चिन्हातही बदल होत गेले. कोणार्कचं चक्र असलेला उडता हंस इंडियन एअरलाइन्सशी झालेल्या २००७च्या विलीनीकरणानंतरचा आहे. १९७७च्या बिल्ल्यावर धनुर्धारी सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) असायला हवा.

### टंकलिखित पत्रं

कागद उलटा करून मागच्या बाजूने बोट फिरवा. टंकयंत्राचा ठोका मागे जाणवतो, आणि पूर्णविरामाने तर कित्येकदा कागदाला बारीक भोक पडलेलं असतं. उजेडासमोर धरलं की ही भोकं चांदण्यांसारखी दिसतात. मागची बाजू सपाट लागली तर तो लेझर छपाईचा किंवा झेरॉक्सचा कागद समजा. सायक्लोस्टाइलच्या, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलवरून काढलेल्या, प्रतीला मात्र ही कसोटी लावू नका. तिथे शाई जाळीतून उतरते, ठोका उमटत नाही. प्रसिद्धिपत्रकं बहुतेक सायक्लोस्टाइलच असायची.

टाचणी किंवा स्टेपल पिन निघालेली असेल तर गंजाचे डाग सगळ्या पानांवर एकाच जागी आहेत का बघा. पहिल्या पानावर डाग आणि दुसरं कोरं, म्हणजे पानं नंतर जुळवलेली.

### टपालपाकिटं

शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर पडलेला हवा, आणि भिंगातून त्याची रेघ तिकिटाच्या कडेवरून सलग पुढे गेलेली दिसली पाहिजे. कडेपाशी रेघ तुटून थोडी सरकली असेल तर तिकीट दुसऱ्या पाकिटावरून आलंय. तिकीट शिक्क्याच्या तारखेआधी निघालेलं आहे का, हे तिकिटांच्या सूचीत पाहा. मग मागची बाजू: पोचीचा शिक्का असेल तर दोन तारखांमधले दिवस त्या अंतराला शोभतात का?

सगळ्यात शेवटी तक्ता. नंदप्रयागचा ऑगस्टचा शिक्का आणि सदस्यांच्या ‘तिथेच केलेल्या’ सह्या असं पाकीट आलं, तर शिक्का कितीही सुरेख असो, तेव्हा मंडळी अजून सखल भागातच होती.

### फोटो आणि स्लाइडा

भिंगाखाली खरा फोटो सलग दिसतो. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापील प्रत आहे, मासिकातून कापलेली किंवा अलीकडे प्रिंटरवर काढलेली. सहीवरही भिंग धरा. पेनाच्या रेघेत दाब कमी-जास्त होतो, रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे शाई गडद दिसते. छापील सही सगळीकडे एकसारखी असते.

कोडॅक्रोम (कोडॅकची रंगीत फिल्म) स्लाइडांच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर कित्येकदा धुलाईचा महिना आणि वर्ष उमटवलेलं असतं. हा अंक विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा जास्त विश्वासाचा. धुलाई मोहिमेनंतर काही महिन्यांची असली तर स्वाभाविक, आधीची असली तर स्लाइड गंगेची नाही. कोडॅक्रोमचे रंग अंधारात ठेवल्यावर टिकतात. त्या काळच्या बाकी अनेक रंगीत फिल्मा लालसर किंवा जांभळ्या पडल्यात. जुनी स्लाइड म्हणून रंग उडालेलाच हवा, असं धरून चालू नका.

तपासणी: प्रत्येक कसोटीपुढे ‘जुळलं’, ‘जुळलं नाही’, ‘ठरवता आलं नाही’ यांपैकी एक लिहा. ‘जुळलं नाही’ एकदा जरी आलं तरी वस्तू परत.

## टप्पा ६: व्यवहार आणि कायदा

विक्रेत्याकडून हाताने लिहिलेलं, सहीचं पत्र घ्या: वस्तूचं वर्णन, ती त्यांच्याकडे कुठून आणि साधारण कधी आली, विक्रीचा दिनांक, रक्कम. भेट मिळालेली वस्तू असेल तरी भेटपत्र घ्या. पुढे भाऊबंदांत वाद निघाले तर हाच कागद कामी येतो. पैसे बँकेतून द्या, म्हणजे तीही एक नोंद राहते.

पुरावस्तूंच्या १९७२च्या कायद्यात सर्वसाधारण वस्तूला १०० वर्षांची आणि हस्तलिखित-दस्तऐवजांना ७५ वर्षांची अट आहे. १९७७च्या वस्तू त्यात बसत नाहीत. पण त्याच विक्रेत्याने ‘घाटावर सापडलेली’ पितळी मूर्तीही पुढे केली, तर तिला हात लावू नका आणि त्या माणसाकडून इतर काहीही घेऊ नका.

सावध: सरकारी जावक क्रमांक असलेली मूळ नस्ती कोणी विकायला आणली तर घेऊ नये. सार्वजनिक अभिलेखांचा १९९३चा कायदा आहे, आणि एअर इंडियाही १९७७मध्ये सरकारी महामंडळच होती. कोणाच्या घरी पाठवलेलं पत्र किंवा वाटलेलं पत्रक वेगळं, कार्यालयातून बाहेर आलेली फाइल वेगळी.

## टप्पा ७: घरी आणल्यावर

नवी वस्तू संग्रहात लगेच ठेवायची नाही. कागद किंवा कापड असेल तर ते झाकणबंद डब्यात दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा आणि तळाशी पांढरा कागद घाला. त्यावर बारीक भुसा किंवा काळे कण पडले तर कसर किंवा दुसरा किडा आत आहे. अशा एका पाकिटातून सगळं कपाट जातं.

धूळ मऊ रुंद ब्रशने, मधून कडेकडे झाडा. ओलं फडकं नको. घडी कडक झाली असेल तर बळाने उघडू नका.

बाकी इथे न करण्याच्याच गोष्टी जास्त: सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. लॅमिनेट केलेलं पत्र परत पूर्ववत होत नाही. गंजलेली पिन ओढून काढायची नाही. खाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून पाय एकेक करून सरळ करा. टोपीवरचा घामाचा डाग, बॅगेवरचा चिखल धुऊ नका. धुतल्यावर वस्तू स्वच्छ होते आणि पुरावा जातो.

## टप्पा ८: क्रमांक आणि नोंद

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, उदाहरणार्थ ‘गं-०१४’. कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने लिहा. फोटोच्या चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर घाला, आणि फोटो आत सरकवण्याआधी घाला. भरल्या पाकिटावर लिहिलं तर फोटोवर वळ उठतो.

नोंदवहीत क्रमांक, मापं, वर्णन, मजकूर जसाच्या तसा, कोणाकडून, कसोट्यांचा निकाल आणि दोन्ही बाजूंचा फोटो हवा. ‘बाबांनी सांगितलं’ हे वर्णनाच्या रकान्यात घालू नका, त्याला वेगळा रकाना ठेवा. वर्णन म्हणजे डोळ्यांना दिसतं तेवढंच.

## टप्पा ९: साठवण

कोकण, मुंबई, गोवा इथल्या हवेत खरा शत्रू दमटपणा. स्वस्तातला आर्द्रतामापक कपाटात ठेवा. आकडा पन्नाशीच्या आसपास राहिला तर छान, ६५च्या वर टिकून राहू लागला की बुरशीची वेळ आली. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलल्या की तापवून कोरड्या कराव्या लागतात. हे विसरलं तर पुड्या नुसत्या शोभेच्या. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर ठेवा.

स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वासाचे प्लास्टिक फोल्डर फोटोला चिकटतात. पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं मागा. बटर पेपर आम्लविरहित नसतो, तो ‘जपून ठेवण्याचा कागद’ समजून वापरणं ही घरोघरची चूक. डांबराच्या गोळ्या थेट कागदात किंवा स्लाइडांच्या डब्यात नकोत. वर्तमानपत्राचं कात्रण पत्राला लागून ठेवलं तर वर्षभरात पत्रावर तपकिरी चौकोन उमटतो, तेव्हा कात्रणांचा गठ्ठा वेगळाच.

## टप्पा १०: दाखवणं आणि पुढची सोय

फोटो विकत घेतला म्हणजे त्याचा स्वामित्वहक्क मिळत नाही. भारतात छायाचित्रावरचा हक्क २०१२च्या दुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि पत्राच्या मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याकडे, त्याच्या पश्चात वारसांकडे असतो. १९७७चा फोटो ऑनलाइन टाकण्याआधी छायाचित्रकार कोण ते शोधा आणि लेखी परवानगी घ्या. पत्रांत कोणाच्या आजारपणाचा किंवा घरगुती गोष्टींचा उल्लेख असेल तर तो भाग परवानगी मिळाली तरी झाकावा, असं माझं मत आहे.

वहीची एक प्रत दुसऱ्या गावी, भावाबहिणीकडे किंवा मित्राकडे ठेवा. संग्रह पुढे कोणाकडे जायचा हे मृत्युपत्रात वहीच्या क्रमांकांसह लिहा. संस्थेला द्यायचा असेल तर आत्ताच विचारून ठेवा, कारण कागदपत्रं नीट नसलेला संग्रह बऱ्याच संस्था घेत नाहीत. आणि पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, एकेक पाकीट काढून बघा आणि बघितल्याची तारीख वहीत घाला.